पांगुळगाडा आणि पहिली आज्ञावली

चालू लागलेल्या मुलाच्या हाती आपण पांगुळगाडा देतो. तो जन्मभर पुरवायचा नसतो. पण पहिल्या पावलाची भीती तो घालवितो. संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकविणाऱ्यांनीही असे पांगुळगाडे केले आहेत.

१९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा केली. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘लोगो’ आली. पुढे तिच्यात कासव आले: पुढे जा म्हटले की जाते, वळ म्हटले की वळते आणि मागे रेघ उमटवते.

परंतु कॉलेजात शिकवायची ती ‘सी प्लस प्लस’सारखी धंद्याची भाषा. तिच्या पहिल्याच धड्यात अर्थ न सांगता लिहावयाच्या ओळी! आमच्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या कित्येक मुलांच्या घरी भिली बोली, शाळेत मराठी आणि इथे एकदम इंग्रजी. ‘सर, ही ओळ कशाला?’ ‘पुढे कळेल, आता उतरवून घे.’ हे उत्तर मीही दिलेले आहे. पोरगा मान डोलावतो आणि मनात ठरवून टाकतो, हे आपले काम नव्हे.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक अभिराम रानडे यांनी ह्यावर ‘सिंपलसीपीपी’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, रचला. त्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक २०१४ साली निघाले. त्या अनाकलनीय ओळी संचाच्या पोटात गेल्या आणि कासव पडद्यावर आले. चार वेळा ‘शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ म्हणा, की चौकोन तयार. पंचकोन हवा? तीनशे साठ भागिले पाच, बहात्तर अंश! मुलगा आपण होऊन हिशेब मांडू लागतो.

ह्यातली खुबी अशी, की पुन्हा-पुन्हा करविणारी ‘रिपीट’ ही आज्ञा मूळ भाषेत नाही. भाषेच्याच आवर्तनावर ती बेतलेली आहे. म्हणजे मुलगा पहिल्या दिवसापासून खरी सी प्लस प्लसच लिहीत असतो. पुढे ‘व्हाइल’ आणि ‘फॉर’ शिकला, की ‘रिपीट’ आपोआप मागे पडते.

झाकावे काय, आणि झाकण काढावे केव्हा, हीच अशा रचनेची कसोटी. पांगुळगाडा चांगला कोणता? जो मुलाला चालवतो आणि वेळेवर त्याच्या हातून सुटतो, तो.