कराची ते मुंबई : अंतर आणि वेळ

दोन नगरांमधील अंतर किती, हा प्रश्न भूगोलाचा आहे. नकाशावर पट्टी ठेवावी, मोजावें, आणि उत्तर सांगावें. परंतु तें अंतर तोडण्यास वेळ किती लागतो, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. मुंबई आणि कराची यांच्याइतका याचा बोलका दाखला आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

या दोन नगरांचे विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेंत सुमारें ८७५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें ५४५ मैलांच्या आसपास आहेत. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच मोडत असे. त्यामुळें नोकरीपेशाचीं कित्येक मराठी कुटुंबें कराचीस जाऊन राहिलीं होतीं. तेथील एका जुन्या सरकारी हायस्कुलास नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचें नांव अद्यापि आहे.

विलायतेहून विमानानें येणारें टपाल कराचीस उतरे. तें पुढें आकाशमार्गानेंच न्यावें, या हेतूनें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचें ‘पस मॉथ’ विमान सकाळीं साडेसहाच्या सुमारास उडविलें. त्यांत सुमारें ५५ पौंड टपाल होतें. विमानाचा वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास होता. वाटेंत अहमदाबादेस उतरून तेल भरलें; तें तेल डब्यांतून, बैलगाडीवर घालून आणलेलें होतें! दुपारीं दोन वाजण्यापूर्वीं विमान जुहूच्या मैदानावर उतरलें. एकंदर वेळ सुमारें सव्वासात तास. तेंच टपाल पुढें मद्रासेकडे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेलें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान निरुपयोगी होई. तेव्हां सारें बिऱ्हाड पुण्यास येरवड्याजवळ हलवावें लागे.

पुढें यंत्रविद्या वाढली. जेट विमानें आल्यावर हेंच अंतर दीड-दोन तासांवर आलें. १९४७ सालीं मध्यें सरहद्द उभी राहिली, तरी आकाशमार्ग एकदम तुटला नाहीं. १९८२ सालीं, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, अठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनीं ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या धर्तीच्या विमानांतून एकट्यानें कराची ते मुंबई हा प्रवास पुनः करून दाखविला.

त्यानंतर मात्र मार्ग आखडत गेला. थेट प्रवासी विमानें बंद पडलीं, आणि एप्रिल १९२५ नव्हे, तर विमानविद्या कळसास पोहोंचलेल्या २०२५ च्या एप्रिलांत दोन्ही राष्ट्रांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशच बंद केलें. अशा वेळीं प्रवाशानें दुबईची वाट धरावी तर मुंबईहून तेथपर्यंत सुमारें १,९३० आणि तेथून कराचीपर्यंत सुमारें १,१९० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट मजल होते. मधला खोळंबा धरल्यास पस मॉथच्या सव्वासात तासांहून अधिक वेळ सहज जातो.

यंत्रानें वांचविलेले तास माणसांच्या वैरानें असे परत घेतले. ज्यांचे आजे-पणजे कराचीच्या शाळांत शिकले, त्या घरांतील वृद्धांस आपलें जन्मस्थान पुनः पाहण्याची इच्छा झाली, तर त्यांना विमानाच्या वेगाचा हिशेब पुरणार नाहीं. त्यांच्या वाटेची लांबी दोन राष्ट्रांच्या सलोख्यावरच मोजावी लागेल.