तळ्याचा ठराव आणि घराचा उतारा

आमचं दासगाव सावित्रीच्या खाडीकाठचं. आता मुंबई-गोवा हमरस्त्यावरून गाड्या धावतात, पण एके काळी मुंबईची वाट पाण्यातून होती. बोटीने दासगावच्या धक्क्याला उतरायचं आणि महाडपर्यंतचे दोन-अडीच कोस चालायचे. २५ डिसेंबर १९२७ ला दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघाले, ते मुंबईच्या मंडळींसह असेच इथे उतरले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या पाण्यामागे कागदाचीही एक गोष्ट आहे. ती गावात फारशी कुणी सांगत नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनेही त्याला धरून आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव बुकात राहिला आणि तळं होतं तसंच राहिलं. तीन वर्षांनी माणसं पाण्याशी गेली, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला. मग त्याच ऑगस्टात पालिकेने ठराव फिरवला. डिसेंबरात काही सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की हे चौधरी तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची चाल फार जुनी आहे. दावा खालून वर नऊ-दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला : तळं नगरपालिकेचं आहे, आणि अनादी चाल म्हणता ती सिद्ध झालेली नाही.

पिढ्यान् पिढ्या ‘असंच चालत आलंय’ म्हणून जे सांगितलं जात होतं, ते पुराव्यापुढे टिकलं नाही. तळं कुणाचं, हे गावातल्या मोठ्या आवाजावर ठरलं नाही.

योगायोग बघा. पाणवठे मोकळे करणारा ठराव १९२३ चा, आणि सरकारी गुपितांचा कायदाही १९२३ चाच. पाण्याचं कुलूप काढायची भाषा झाली त्याच वर्षी दप्तराला नवं कुलूप बसलं. तशी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सरकारी कागदाची खरी नक्कल मिळायची सोय होती. पण ती ज्याला तो कागद बघायचा हक्क आहे त्याला. म्हणजे आधी हक्क दाखवा, मग कागद मागा. खेड्यातल्या माणसाला तेवढ्यावरच परत पाठवता यायचं. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘कपाटाची चावी नाही’, ‘तुम्हाला कशाला पाहिजे?’ ही तीन वाक्यं माझ्या आजोबांनी ऐकली, वडिलांनी ऐकली आणि मीही ऐकली.

स्वीडनने लोकांना सरकारी कागद बघायचा हक्क १७६६ सालीच दिला होता. आपल्याकडे तो यायला पुढे सव्वादोन शतकांहून जास्त काळ गेला. राजस्थानातल्या मजुरांनी गावच्या कामांची हजेरीपत्रकं मागितली, तिथून ही चळवळ देशभर गेली. महाराष्ट्राने २००० साली आणि परत २००२ साली कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टात आझाद मैदानात उपोषणाला बसले. मग केंद्राचा माहितीचा अधिकार आला. राष्ट्रपतींची मंजुरी १५ जून २००५ ची, पूर्ण अंमल १२ ऑक्टोबरपासून.

या दोन तारखांच्या मध्ये आमच्यावर २५ जुलै आला. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. चार गावांत मिळून दीडशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवसाबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. नंतरचं लिहितो, कारण नंतर कागद लागले.

वाडीतल्या एका आत्याचं घर सासऱ्यांच्या नावावर होतं. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. एका कचेरीत तिला विचारलं गेलं, घर तुमचंच कशावरून? आत्या माझ्याकडे आली आणि ओट्यावर बसली.

“घर गेलं. आता घर व्हतं, ह्ये पन मीच दाखवायचं व्हय रं?”

“घर गेलं आत्या, पण घरपट्टीचं बुक गेलं नाय.”

ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या बुकाला नमुना ८ म्हणतात. त्यात घराचा नंबर, मालक, भोगवटादार आणि घर कशाचं बांधलेलं, हे सगळं असतं. मी अर्ज लिहिले आणि आत्याने अंगठा दिला. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ चा पाच वर्षांचा उतारा मागितला. कचेरीकडे तिच्या घराचा पंचनामा आणि मदतीची यादी मागितली. उतारा आठवड्यात आला. भोगवटादार म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव स्पष्ट होतं. पंचनामा यायला महिना लागला. मी तो मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘घराची अंशतः पडझड’. आख्खं घर मातीखाली, आणि कागदावर अंशतः! आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कुनी बघून लिवलंय ह्ये?” उतारा जोडून तिने हरकत घेतली. फेरपाहणी होऊन ‘अंशतः’चं ‘पूर्ण’ व्हायला आठ महिने लागले. तो पंचनामा हातात आला नसता, तर आपलं काय चुकतंय हे तिला कळलंच नसतं.

तेव्हापासून गावात कुणी अर्ज लिहून मागितला, की मी काही गोष्टी सांगतो. ‘असं का केलं?’ असा प्रश्न विचारू नका. या कायद्याने कचेरीत असलेला कागद मिळतो, खुलासा मिळेलच असं नाही. म्हणून कागदाचं नाव, साल, गाव, घर नंबर किंवा गट नंबर लिहा. जोडपत्र ‘अ’चा नमुना वापरा. विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांत आटपा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर फी नाही. कारण लिहायची गरज नाही, कुणी विचारलं तरी सांगायचं बंधन नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर तो नकारच धरतात, आणि मग ती माहिती फुकट द्यावी लागते. त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं. तिथेही काम झालं नाही, तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आधी कागद नुसता बघायचा असेल, तर २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्ह्यातल्या आणि स्थानिक कचेऱ्यांत तशी सोय केलेली आहे.

कागदाने गेलेलं माणूस येत नाही. नुसत्या ठरावाने तळ्याचं पाणीही हातात आलं नव्हतं. कुणीतरी जाऊन उभं राहावं लागलं. पण उभं राहायला पायाखाली काहीतरी लागतं, ते हा कागद देतो.

आणखी एक. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरलं, कपाटं भिजली, कागदांचा लगदा झाला. म्हणून मिळालेल्या नकलेच्या दोन प्रती काढा. एक घरात ठेवा. दुसरी डोंगरापासून आणि खाडीपासून लांब, लेकीच्या सासरी नाहीतर मुंबईच्या भावाकडे.