पोव्हेलिया: भुताटकीआड गेलेलं गाव

व्हेनिसच्या खाजणातलं पोव्हेलिया बेट प्लेगच्या लाखाहून अधिक बळींनी झपाटलंय, म्हणूनच तिथे जायला बंदी आहे, असं सांगतात. कालक्रम या कथेला साथ देत नाही. १५७६ आणि १६३० च्या भीषण साथींत रोग्यांची रवानगी होई ती लाझारेत्तो व्हेक्यो या दुसऱ्याच बेटावर. तिथलं सरकारी प्लेग-इस्पितळ १४२३ चं, आणि उत्खननात दीड हजारांवर सांगाडे निघाले तेही तिथेच. पोव्हेलिया आरोग्य खात्याकडे आलं १७७६ मध्ये, जहाजांच्या तपासणीसाठी. १७९३ मध्ये दोन जहाजांवर प्लेग आढळला, तेव्हा तिथे विलगीकरण सुरू झालं.

मग तिथे कुणी मेलंच नाही का? मेले, पण लाखांत नव्हे. त्या काळी अख्ख्या व्हेनिसची वस्तीच जेमतेम दीड लाखाच्या घरात होती. बंदीचं कारणही साधं आहे: १९२२ पासून चाललेलं रुग्णालय १९६८ मध्ये बंद पडलं आणि इमारतींची छपरं कोसळत गेली. भुतांच्या या गोष्टींपायी खरी हकिगत झाकली जाते, याचं वाईट वाटतं. इथे नांदतं गाव होतं. १३७९ मध्ये जिनोआच्या आरमाराने हल्ला केला तेव्हा गावकऱ्यांना घरंदारं सोडून व्हेनिसला हलावं लागलं.