आलेला ईमेल जसाच्या तसा पुढे पाठवणे: 'बाउन्स' आदेश

पुरुषोत्तमनगरच्या पत्त्यावर आलेले पाकीट कुणी उघडले नाही, जुना पत्ता खोडून शहाद्याचा लिहिला आणि पुन्हा टपालात टाकले, तर ते पत्र मूळ लेखकाचेच राहते. मट, पाइन, अल्पाइन या अक्षरी पडद्यावर चालणाऱ्या ईमेल प्रोग्रॅममधला 'बाउन्स' आदेश हेच करतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळच्या स्वस्त 'शेल' खात्यांवर चित्रे दिसत नसत, ईमेल अशाच प्रोग्रॅममधून वाचले जाई.

मटमध्ये संदेश निवडून 'b' दाबायचे, नवा पत्ता टाइप करायचा आणि खात्री विचारल्यावर होकार द्यायचा. अनेक संदेश असतील तर 't' ने खुणा करून ';b'. पाइनमध्ये मात्र ही सोय आधी सेटिंगमधून सुरू करावी लागते.

'f' म्हणजे फॉरवर्ड. त्यात पाठवणारे तुम्ही ठरता आणि स्वतःची ओळ जोडता येते. बाउन्समध्ये 'प्रेषक' मूळचाच राहतो. तुमचे नाव फक्त 'रीसेंट-फ्रॉम' या सहसा न दिसणाऱ्या ओळीत जाते. त्यामुळे समोरच्याने 'रिप्लाय' दाबले की उत्तर थेट मूळ लेखकाला पोहोचते. तक्रार योग्य माणसाकडे सोपवायची असेल तर हे सोयीचे, पण खासगी पत्र असेल तर गोत्यात आणणारे!

प्रेषक एक आणि पाठवणारा सर्व्हर दुसराच, म्हणून असा ईमेल आज कधीकधी स्पॅममध्ये पडतो. न पोहोचता परत आलेल्या ईमेललाही 'बाउन्स' म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही.