पाणीवाली बाई आणि आपला आमदार

आमदार मोहल्ल्यात आला की आपण काय मागतो? कब्रस्तानाला कंपाउंड, शादीखान्यावर पत्रे, ईदगाहकडं जाणारा रस्ता. फार तर दवाखान्यात कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी एक चिठ्ठी. आमदार चिठ्ठी देतो, कंपाउंडचा नारळ फोडतो, रमजानात इफ्तारला येऊन टोपी घालतो, फोटो निघतो आणि पाच वर्षं संपतात. मग निवडणुकीच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर एक आकडा फिरू लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के, आणि २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार १०. आकडा खरा आहे आणि त्यातली सल खोटी नाही. पण या दहांनी, किंवा आपली मतं घेऊन निवडून गेलेल्या बाकीच्यांनी, आपल्या वस्तीबद्दल सभागृहात किती प्रश्न मांडले, हा हिशेब कुणी करत नाही.

राज्यातले दहापैकी सात मुसलमान शहरात राहतात. म्हणजे शहरातल्या आमदारानं नेमकं काय करायचं असतं, हा प्रश्न इतर कुणापेक्षाही आपला जास्त आहे. म्हणून आज एका आमदार बाईंचा इतिहास सांगतो. त्या मुसलमान नव्हत्या आणि त्यांच्या राजकारणातली एक लढाई आपल्यातल्या अनेकांना अजून बोचते. त्या म्हणजे गोरेगावच्या मृणाल गोरे.

मी जुन्नर तालुक्यातल्या मढकडचा. मुंबईतल्या पाण्याची गोष्ट मी का सांगतोय, असं कुणी विचारेल. मढच्या कुशीत पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय आहे. ते पाणी कालव्यानं लांब पारनेरपर्यंत जातं. खाली आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण झालं, त्यात जुनं आंबेगाव हे गावच बुडालं, तालुक्याचं नाव तेवढं उरलं. आणि माळशेज घाट उतरून मुरबाडच्या पलीकडं गेलं की शहापूर तालुका लागतो. भातसा, तानसा, वैतरणा या मुंबईला पाणी पाजणाऱ्या धरणांचा हा मुलूख, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर. त्यामुळं पाणी उशाला असून घशाला कोरड, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्नर-आंबेगावची माणसं पोटासाठी मुंबईला गेली, कुणी डबे पोहोचवले, कुणी माथाडी झाले, कुणी भाजीबाजारात बसले. मुंबईत पोहोचल्यावर त्यांना कळलं की गावाकडचं पाणी इथवर आलंय खरं, पण झोपडीपर्यंत आलेलं नाही.

का आलेलं नाही, यामागं एक नियम होता. झोपडी अनधिकृत, म्हणून तिला नळ नाही. नळ दिला तर झोपडी अधिकृत झाल्यासारखं होईल, ही महापालिकेची भीती. नियम कागदावर सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की बाईनं पहाटे उठून कुठल्या तरी फुटक्या पाइपाखाली हंडा लावायचा किंवा ज्याच्याकडं नळ आहे त्याच्याकडून पाणी विकत घ्यायचं. श्रीमंताच्या पाण्यापेक्षा गरिबाचं पाणी महाग, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मृणाल मोहिले यांचा जन्म १९२८ चा. डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी राष्ट्र सेवा दलात आली आणि शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत पडली. केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं, तेही जातीबाहेर, आणि दोघांनी गोरेगावात काम सुरू केलं. तेव्हा गोरेगाव मुंबईत नव्हतं. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा ते महापालिकेत आलं. पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. तिशीतल्या बाईनं घर धरलं असतं तर कुणी दोष दिला नसता. १९६१ मध्ये त्या नगरसेवक झाल्या.

इथून ‘पाणीवाली बाई’ सुरू होते. हे नाव त्यांना पक्षानं दिलं नाही, हंडे उचलणाऱ्या बायकांनी दिलं. त्यांच्या पद्धतीकडं नीट बघा. वस्तीतला माणूस ‘ताई, पाणी नाही’ म्हणत आला की आपला आजचा पुढारी वॉर्ड ऑफिसला फोन लावतो आणि एक टँकर पाठवतो. टँकरवर त्याचं नाव, त्याचा फोटो. मृणालताई बायकांनाच रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या दारात नेत. साहेबासमोर बोलायचं ते त्या बायकांनी. ताईंचं काम सभागृहात, जिथं जलवाहिनीचं बजेट ठरतं, जिथं नियम ठरतो. टँकर मागितला की माणूस उपकाराखाली येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागायला येतो. पुढाऱ्याला तेच हवं असतं. बाईंना ते नको होतं, असं मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीकडं पाहून वाटतं.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्या काळी हाताशी आमदार निधी नव्हता, त्यामुळं ‘माझ्या फंडातून’ असं म्हणायची सोयच नव्हती. आमदाराजवळ होती ती सभागृहातली हत्यारं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न. लक्षवेधी लागली की खात्याला रातोरात फायली काढाव्या लागतात. खालच्या ऑफिसातला कारकून चिठ्ठीला घाबरत नाही, पण सभागृहात आपल्या खात्याचं नाव निघालं की हलतो. आपल्यातले किती जण आमदाराला म्हणतात, की बाबा रे, भिंत राहू दे, आमच्या वस्तीवर एक लक्षवेधी टाक?

ते वर्ष दुष्काळाचं होतं. तेल, रॉकेल, धान्य सगळंच महागलं आणि रेशनच्या रांगा लांबल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. थाळ्या आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. कम्युनिस्ट आणि समाजवादी एका व्यासपीठावर बसणं ही साधी गोष्ट नव्हती, पुरुषांना ती त्या काळात फारशी जमली नाही.

मग आणीबाणी आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये पकडल्या गेल्या. त्यांना अकोल्याच्या तुरुंगातही ठेवलं होतं. त्या आत असतानाच मुंबईत जे घडलं ते आपण विसरता कामा नये. मानखुर्दजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राला लागून जनता कॉलनी होती. सुमारे सत्तर हजार लोकांची ही वस्ती, त्यात मुसलमान आणि तमिळ मोठ्या संख्येनं. १७ मे १९७६ पासून ती पाडली गेली आणि लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकलं. सभा नाही, मोर्चा नाही, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि सभागृहात उठून आवाज करणारे कितीतरी विरोधी आमदार तुरुंगात. विधानसभेत आपलं कुणी बोलणारं नसलं की काय होतं, हे चीता कॅम्पमधल्या म्हाताऱ्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१९७७ ला बाई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हाची घोषणा अजून लोकांच्या तोंडी आहे: पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.

आता ती बोचणारी गोष्ट. १९८० च्या जूनमध्ये अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, घरात कोकणी बोलणारे, सभेत खणखणीत मराठी बोलणारे, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली. आजही कितीतरी विधवा म्हाताऱ्यांच्या खात्यात तिचे पैसे येतात, त्यात आपल्या मोहल्ल्यातल्याही आहेत. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं तेही त्यांनीच. आणि मग सिमेंट प्रकरण. सिमेंटवर तेव्हा सरकारचं नियंत्रण होतं, घर बांधायला पोती परमिटवर मिळायची. बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंट सुटायचं, असा आरोप झाला. गोरेगावचे प. बा. सामंत आणि त्यांचे जनता पक्षातले सहकारी हायकोर्टात गेले. हे मृणालताईंचे वर्षानुवर्षांचे साथीदार. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी अंतुल्यांच्या विरोधात निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र पुढं वर्षानुवर्षं रेंगाळला, आणि १९८८ मध्ये त्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींचा निकाल अंतुल्यांच्या बाजूनं गेला.

आपल्याकडं ही गोष्ट ‘एकच मुसलमान मुख्यमंत्री झाला, त्यालाही टिकू दिलं नाही’ अशी सांगितली जाते. देणग्या घेणारे दुसरे मुख्यमंत्री झालेच नाहीत का, हा सवाल वाजवी आहे आणि मलाही पडतो. पण गोरेगाव-मालाडच्या चाळीत एका खोलीवर स्लॅब टाकू बघणाऱ्या माणसाला सिमेंटची दहा पोती मिळत नव्हती आणि टॉवरवाल्याला मिळत होती. त्या चाळीत मुसलमानही राहत होता. त्याचा आमदार कुणाच्या बाजूनं उभा राहायला हवा होता? मी अंतुल्यांचं कौतुक करतो आणि सामंतांचा अर्जही योग्य मानतो. दोन्ही एकत्र धरायला त्रास होतो, होऊ दे.

१९८५ च्या विधानसभेत मृणालताई परत आल्या. त्याच सभागृहात, त्याच जनता पक्षात मालेगावचे निहाल अहमद होते. यंत्रमागांच्या खडखडाटातल्या या शहरानं त्यांना १९७८ पासून सलग निवडून दिलं, १९९९ पर्यंत. १९८६-८७ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले आणि १९८८-८९ मध्ये त्याच खुर्चीवर मृणालताई बसल्या. एक विणकरांच्या मुस्लिम शहराचा प्रतिनिधी, दुसरी झोपडपट्टीच्या उपनगराची. दोघंही समाजवादी मुशीतले. निहालभाई मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले, तरी मालेगावात सायकलवर फिरत. बाबरी पाडल्यानंतर त्यांनी दंडाला काळी फीत बांधली ती २०१६ मध्ये मरेपर्यंत. त्यांच्या राजकारणावर टीका करण्यासारखं बरंच आहे, मालेगावकर ती करतातही. पण मराठी मुसलमानाच्या घरात अंतुल्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि विरोधी पक्षनेता झालेल्या निहाल अहमदांचं नाव पोरांना माहीत नसतं. सत्तेतला माणूस आठवतो, प्रश्न विचारणारा विसरतो.

याच काळात, १९८६ मध्ये, मृणालताईंनी गर्भलिंग तपासणीविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. विरोधी आमदाराचं अशासकीय विधेयक सहसा पास होत नाही. पण विषय सभागृहाच्या पटलावर आला, बाहेर स्त्री संघटनांचा रेटा होता, आणि १९८८ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. देशातला तो असा पहिला कायदा. केंद्राचा आला १९९४ मध्ये.

घरांच्या बाबतीतही त्यांनी कायद्याचंच बोट धरलं. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं मोठ्या जमीनदारांची जादा जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी घेता येत होती, पण सरकार ती घेत नव्हतं. सामंत आणि मृणालताईंच्या नागरी निवारा परिषदेनं ती मागितली, सरकारशी आणि कोर्टात भांडून मिळवली आणि दिंडोशीला सहा हजारांवर घरं उभी राहिली. माझी एक तक्रार आहे. ही सभासद होऊन पैसे भरणाऱ्यांची योजना होती. ज्याची कमाई रोजची आणि बेभरवशाची, तो बाहेरच राहिला, आणि आपले बरेच लोक त्या बाहेरच्यांत होते. २००७ मध्ये राज्यानं तो कायदाच रद्द केला. मोठी जमीन मागायचा रस्ता बंद झाला आणि त्यावर आपल्या कुठल्याही जमातीत, कुठल्याही जलशात चर्चा झालेली मला आठवत नाही.

मृणालताई १७ जुलै २०१२ ला गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. पाण्याचा जुना नियम मात्र त्यांच्यानंतरही चालूच होता, फक्त तारीख बदलली होती. २००० नंतरच्या झोपडीला नळ नाही. पाणी हक्क समिती हायकोर्टात गेली आणि १५ डिसेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क बेकायदा होत नाही. तो घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो. महापालिकेनं वाटल्यास वेगळा दर लावावा, पण पाणी द्यावं. त्यानंतरही ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला मे २०२२ उजाडला. नगरसेवक मृणाल गोरे पहिल्यांदा सभागृहात बसल्या त्याला तेव्हा ६१ वर्षं झाली होती.