फॉर्म पाच ते बारीपाडा

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण घरचा आहे. विसरवाडीची माझी भाची यंदा बी.एस्सी. झाली आणि तिला कंपन्यांच्या 'सस्टेनेबिलिटी' विभागात काम करायचंय. एक ऑनलाइन कोर्स तिने बघून ठेवलाय. फी एवढी, की ताईच्या कापसाचे पैसे त्यातच जातील. घरात दोन तट पडलेत. माझं म्हणणं एवढंच, की पैसे भरायच्या आधी ही नोकरी आली कुठून ते बघावं.

आली ती कायद्याच्या मागून. १९८४ ला भोपाळ झालं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. कारखान्यांत पर्यावरण बघणारा माणूस दिसू लागला. सांडपाण्याचा प्लांट चालू ठेवायचा आणि प्रदूषण मंडळाची कागदपत्रं सांभाळायची, हे त्याचं मुख्य काम. मग १९९२-९३ मध्ये 'फॉर्म पाच' आला, आणि मला विचाराल तर खरी सुरुवात तिथली. त्यात विचारलं होतं, की एवढा माल काढायला पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, आणि गेल्या वर्षी किती लागला होता? म्हणजे नुसतं 'नियम पाळले' म्हणून भागेना. मोजावं लागलं.

पुढे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, आणि २००४ पासून ऊर्जा लेखापरीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा. (त्याला अनुभवही लागतो, त्यामुळे भाचीला ती आत्ता नाही.) २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. इथे आपल्याकडे गल्लत होते. शाळेला बाक देणं वेगळं आणि स्वतःच्या कारखान्याचा धूर मोजणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाची मागणी वाढली ती सेबीमुळे. २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांकडून अहवाल मागितला, २०२१ मध्ये त्याचं नवं रूप 'बीआरएसआर' आणलं, आणि २०२२-२३ पासून पहिल्या १००० कंपन्यांना ते सक्तीचं झालं.

आता एवढे आकडे गोळा करणार कोण? माणसं हवीत ती ह्यासाठी.

भाचीला मी आपल्या हायवेचंच उदाहरण दिलं. कंपनीच्या स्वतःच्या ट्रकने डिझेल जाळलं तर ते 'स्कोप एक', विकत घेतलेली वीज 'स्कोप दोन', आणि भाड्याच्या ट्रकने माल सुरतेला गेला तर 'स्कोप तीन'. ही वाटणी २००१ च्या जीएचजी प्रोटोकॉलमधली, फुकट वाचायला मिळते. कंपन्यांचे बीआरएसआर अहवालही फुकट. दोन अहवाल शेजारी ठेवून त्यातले पाण्याचे आकडे एक्सेलमध्ये घालून बघ म्हटलं. त्याआधी शेतातली मोटर घे : ५ एचपी, ६ तास, म्हणजे साधारण २२ युनिट. बिलाशी जुळतं का बघ. नाही जुळलं तर का नाही, हे शोधणं हेच तर कामाचं कसब. कोर्स नंतरही करता येतो.

आणि एक अहवालात न सापडणारी गोष्ट. शेजारच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथले चैत्राम पवार एम.कॉम. झालेले, पण गावातच राहिले. गावाने स्वतः नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि ४०० हेक्टरच्या वर जंगल राखलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कंपन्या गावात येतात तेव्हा कुणाशी काय बोलायचं, हे अशा ठिकाणी राहिलेल्यालाच कळतं, आणि हे आपल्या पोरांकडे पुण्यामुंबईच्या पोरांपेक्षा जास्त आहे, असं माझं (पक्षपाती!) मत.

बारीपाड्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका जंगलातल्या भाज्या रांधून मांडतात. ह्या वर्षी भाचीला घेऊन जाणार आहे. वही तिची, गाडीभाडं माझं.