खडकीची एक पटाशी व मुठींतील लाख

खडकीच्या बाजारांत जुन्या लोखंडाच्या ढिगांत आम्हांस एक पटाशी मिळाली. पातें शाबूत, पण बाभळीची मूठ सैल. ती पाण्यांत भिजत ठेवा, असें विक्रेता म्हणाला. हा उपाय चार दिवसांचा. लांकूड फुगतें, लोखंडाशीं दाबून त्याचे तंतु चेपतात, आणि वाळल्यावर भोंक पूर्वींहून मोठें होतें. वाकसाच्या नेढ्यांत दांड्यावर पाचर ठोकतां येते. पटाशीची मूठ तशानें फुटावयाची.

मूठ उतरवितांच आंतून तांबूस पूड पडली. विस्तवावर धरतां ती वितळली व जुन्या लखोट्यांवरील मोहोरेच्या लाखेचा वास आला. तलवारीची मूठही, अमरकोश जीस त्सरु म्हणतो ती, याच रीतीनें बसवीत: पोकळ मुठींत लाख भरून पात्याचें तापलेलें शेपूट आंत दाबावयाचें. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या काळांतील तलवारी अशाच बांधणीच्या.

हें सांगण्याचें कारण, आमचे कांहीं संग्राहक मित्र सैल मुठींत हल्लीं इपॉक्सी ओततात. लाख थोड्या उष्णतेनें सुटते. हें द्रव्य सहसा सुटत नाहीं, आणि शेपटावरील घडणीच्या खुणा दडून जातात. एका कट्यारीच्या बाबतींत हा प्रमाद आमच्याच हातून घडला आहे.

पटाशींत आम्हीं लाखच भरली. जुनी पूड कागदांत बांधून ठेविली आहे, जिज्ञासूंस दाखवूं.